शी आपल्या कुत्र्याची, हात दुसऱ्याचे: पुण्यातल्या श्वानपालकांना खुले पत्र

सोसायट्यांमध्ये राहणाऱ्या माझ्या श्वानपालक मित्रमैत्रिणींनो,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र कुत्र्यांवर वैतागलेल्या माणसाचं नाही, हे आधीच सांगते. आमच्या घरी देशी कुत्री आहे, रस्त्यावरून आणलेली, आता म्हातारपणाकडे झुकलेली. तिच्यासोबत सकाळ-संध्याकाळ कोथरूडमधल्या गल्ल्या पायाखाली घालताना तुमच्यापैकी कितीतरी जणांशी ओळख झाली. ब्रूनोची आई, सिंबाचे बाबा असंच आपण एकमेकांना ओळखतो. खरी नावं पुष्कळदा ठाऊकही नसतात. म्हणून जे लिहिते आहे ते घरच्या माणसांना लिहावं तसं, मोकळेपणाने लिहिते.

मला एकच विचारायचं आहे. आपल्या कुत्र्याने केलेली शी कोण उचलतं?

आपल्यातले काहीजण खिशात कागद किंवा पिशवी ठेवतात आणि जिथल्या तिथे उचलतात. पण न उचलणारेही कमी नाहीत, आणि ते सगळे बेफिकीर असतात असंही नाही. चांगली, शिकलेली, कुत्र्यावर जीव टाकणारी माणसं आहेत. कुत्रा बसला की ती फोनकडे बघतात, त्याचं झालं की पुढे चालू लागतात. कोणी हटकलंच तर उत्तर तयार असतं: "सकाळी झाडायला येतात ना!"

कोण येतं, ते मी जवळून पाहिलेलं आहे. आमच्याकडे झाडलोट करणाऱ्या मावशी उजाडता उजाडता येतात, जिन्यापासून सुरुवात करतात आणि मग पार्किंगमध्ये उतरतात. पेव्हर ब्लॉकच्या फटीत बसलेली शी खराट्याने निघत नाही. खराटा फिरवला की ती पसरते, काड्यांना चिकटते, आणि तोच खराटा मग अख्ख्या आवारात फिरतो. म्हणून मावशी आधी पुठ्ठ्याचा एखादा तुकडा शोधतात. उकिडव्या बसतात, पदर नाकाशी धरतात आणि फटीतली घाण खरवडून सुपलीत घेतात. मग पाणी, मग फिनेल, मग पुन्हा पाणी. रात्रभर वाळलेली असली तर आधी भिजवावी लागते. पावसात विरघळून पसरलेली असली तर ती नक्की कुठे सुरू होते आणि कुठे संपते तेच कळत नाही. मग तेवढा सगळा भाग घासावा लागतो. गाडीच्या चाकाखाली आलेली सगळ्यात वाईट, कारण ती टायरबरोबर रॅम्पवरून वरपर्यंत जाते. पायात रबरी चप्पल असते. हातमोजे एकदा मिळाले होते, ते फाटले.

या बाईंनी तक्रार केलेली मी ऐकलेली नाही. करणार कोणाकडे? त्या ठेकेदाराच्या माणूस, सोसायटीच्या नव्हेत. ज्यांच्याकडे तक्रार जाईल त्यांच्यातल्या काहींच्या घरीच कुत्री आहेत. फार बोललं तर उद्या दुसरी बाई येईल, ही भीती त्यांना आहे आणि ती खोटी नाही.

हे काम पिढ्यान्‌पिढ्या कोणाच्या वाट्याला आलं, ते महाराष्ट्रात कोणाला समजावून सांगायला नको. माणसाची विष्ठा माणसाच्या हाताने उचलून घेण्याच्या प्रथेवर बंदी घालणारा नवा कायदा आपल्या देशात २०१३ साली झाला. त्या कायद्यात कुत्र्याची विष्ठा येत नाही, मला कल्पना आहे. पण ज्या लाजेपोटी तो कायदा करावा लागला ती लाज प्राणी बदलला म्हणून कमी होते का? आपण हौसेने कुत्रा आणायचा, त्याला मांडीवर घ्यायचं, त्याचा वाढदिवस करायचा, आणि त्याच्या शरीरातून जे बाहेर पडतं ते मात्र आपल्याहून गरीब बाईने उकिडवं बसून खरवडायचं. यात मला मोठा अन्याय दिसतो. तो आपल्या हातून होतो आहे आणि थांबवणंही सर्वस्वी आपल्याच हातात आहे.

कुत्रा आपल्या माणसांना नवा नाही. खंडोबाच्या पायाशी कुत्रा आहे, दत्ताच्या भोवती चार आहेत. चंपाषष्ठीला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवला की आजही कितीतरी घरांतून कुत्र्याला पान दिलं जातं. पण त्या घरांतला कुत्रा दारात असायचा, अंगणात किंवा शेतावर. दिवसभर मोकळा फिरायचा आणि आपलं आपण उरकून यायचा. त्याच्यामागे कोणाला कागद घेऊन जावं लागत नव्हतं, कारण माती होती, मोकळी जागा होती आणि माणसं विरळ होती. आता तोच प्राणी आपण सहाव्या मजल्यावर नेऊन ठेवला आहे. दार आपण उघडल्याशिवाय त्याला बाहेर पडता येत नाही, आणि बाहेर पडला की पायाखाली काँक्रीट. शंभर-सव्वाशे कुटुंबांमध्ये मिळून झुडपांची एखादी पट्टी असते, आणि तीही मुलांच्या घसरगुंडीला लागून. राहण्याची तऱ्हा पार बदलली. आपली सवय मात्र अजून अंगणातलीच आहे.

"शेणासारखंच आहे, खत होतं" असं म्हणणारेही मला भेटले आहेत. नाही होत. गाय गवत खाते. कुत्रा मांस खातो आणि त्याच्या आतड्यात जंत असतात. त्यांतला गोल जंत, टॉक्सोकॅरा, बहुतेक पिल्लांना आईच्या पोटात असतानाच मिळतो. त्याची अंडी शीतून बाहेर पडतात, पण ताज्या शीतली अंडी लगेच रोग देत नाहीत. मातीत दोन-चार आठवडे गेले की ती पिकतात आणि मग वर्षानुवर्षं टिकून राहतात. तिथे खेळणाऱ्या मुलाच्या नखांतून ती पोटात गेली तर अळ्या यकृतात, फुप्फुसात आणि कधी थेट डोळ्यात पोचतात. त्यातून दृष्टी गेल्याची उदाहरणं वैद्यकशास्त्रात नोंदलेली आहेत. म्हणून तर मी जिथल्या तिथे उचलण्याचा एवढा आग्रह धरते. आज उचललेली शी कोणाचं काही बिघडवत नाही. झुडपात राहिलेली महिन्याभराने धोक्याची होते, आणि तोवर ती मातीत मिसळून दिसेनाशी झालेली असते. अंकुशकृमी या दुसऱ्या जंताच्या अळ्या तर उघड्या पायाच्या कातडीतूनही आत शिरतात. मावशींच्या पायातली रबरी चप्पल आठवा.

शिवाय आपल्याच कुत्र्यांचा धोका वेगळा. पार्व्हो या कुत्र्यांच्या रोगाचा विषाणू शीतून पसरतो आणि जमिनीत महिनोन्‌महिने जिवंत राहतो. ज्यांनी पार्व्हो झालेलं पिल्लू पाहिलं आहे, त्यांना त्या रक्ताळ जुलाबांबद्दल मी काही सांगायला नको. एकाने न उचललेली घाण दुसऱ्याच्या घरातलं दोन महिन्यांचं पिल्लू हुंगतं, असा तो प्रवास आहे. जंताचं औषध पिल्लांना डॉक्टर सांगतील तसं वरचेवर आणि मोठ्या कुत्र्याला साधारण दर तीन महिन्यांनी द्यावं लागतं. अंगावर गोचीड दिसला की आपण धावपळ करतो, पण पोटातले जंत दिसत नाहीत म्हणून राहून जातात.

आता उचलून टाकायची कुठे? इथे पुण्याची गोष्ट जरा वेगळी आहे. आपल्याकडे दारोदार कचरा गोळा करणाऱ्या बहुतेक ताई 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेच्या आहेत. ही संस्था २००८ पासून महापालिकेबरोबर काम करते. ओला आणि सुका कचरा त्या हाताने वेगळा करतात. आपण शी काळ्या पिशवीत बांधून ओल्या कचऱ्याच्या डब्यात टाकली, तर मावशींची सुटका होईल पण ती पिशवी या ताईंच्या हातात फुटेल. ज्या सोसायट्यांत ओल्या कचऱ्याचं खत करतात तिथे ती खड्ड्यात जाईल, आणि तेच खत आपण गच्चीवरच्या मेथी-कोथिंबिरीला घालणार.

सगळ्यात सोपा उपाय आपल्या घरातच आहे: संडास. वर्तमानपत्राचा चौकोनी तुकडा घ्यायचा, शक्य असेल तर कुत्रा बसल्याबरोबर खाली सरकवायचा, नाहीतर नंतर त्याने उचलायची, घरी यायचं, शी संडासात टाकून पाणी सोडायचं. राहिलेला कागद दुसऱ्या कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढायचा आणि सॅनिटरी कचऱ्याबरोबर वेगळा द्यायचा. लाल ठिपक्याची ही पद्धत 'स्वच्छ'च्या कचरावेचकांनीच सुरू केली, आत काय आहे ते न उघडता कळावं म्हणून. डायपर आणि पॅडसाठी आपण ती पाळतोच; या कागदासाठीही पाळावी. रोज पाहिल्यामुळे सांगते, घराबाहेर पडल्यावर गोल गोल घुमून जागा हुंगणं, पाठीची कमान, शेपटी वर या सगळ्याला कुत्रा बराच वेळ घेतो. कागद काढायला तेवढा वेळ पुरतो.

शूचं थोडक्यात. नर कुत्रा खांब, टायर आणि कुंड्या सोडणार नाही, तो त्याचा स्वभाव आहे. पण दारातून निघून गेटबाहेर पडेपर्यंत पट्टा आखूड धरून न थांबता चाललं, तर पार्किंगमधल्या बऱ्याच गाड्या वाचतात. बरोबर पाण्याची बाटली असावी, जिथे झालं तिथे ओतावं. लिफ्टमध्ये झालं तर वर जाऊन फडकं आणून आपणच पुसावं, वॉचमनकाकांना हाक मारू नये. पावसाळ्यात याचं महत्त्व आणखी वाढतं, कारण लेप्टोस्पायरोसिस जनावरांच्या लघवीतून साचलेल्या पाण्यात उतरतो. उंदीर त्याचे मोठे वाहक असले तरी कुत्र्यालाही तो होतो आणि कुत्र्याकडून पसरतोही. त्याची लस वर्षातून एकदा मिळते. ती घेतली आहे ना, ते वहीत बघून घ्या.

आता दुसरा विषय. तोही मला तितकाच महत्त्वाचा वाटतो.

"घाबरू नका, तो काही करत नाही."

हे वाक्य आपण सगळेच म्हणतो. समोरचा भिंतीला पाठ लावून उभा असतो, त्याचा रंग उतरलेला असतो, आणि आपण त्याला आपल्या कुत्र्याच्या चांगुलपणाची हमी देत असतो. आपल्याला तो कुत्रा माहीत आहे, समोरच्याला नाही. त्याला लहानपणी कुत्रा चावलेला असेल. पोटात चौदा इंजेक्शनं घ्यायचा काळ आठवणारी पिढी अजून आपल्या इमारतींतून राहते. हातात काठी असलेल्या आजोबांना कुत्र्याने चावायची गरजच नाही. तो प्रेमाने अंगावर झेपावला, आजोबा पडले आणि खुब्याचं हाड मोडलं, तर पुढची सगळी वर्षं अंथरुणात जाऊ शकतात. भीती वाटणं हा त्यांचा दोष नाही आणि ती घालवणं हे आपलं काम नाही. अंतर ठेवणं एवढंच आपलं काम.

म्हणजे पट्टा. गेटच्या आत आणि बाहेर, रात्री अकरा वाजताही, आणि कुत्रा कितीही शहाणा असला तरीही. हाताच्या अंतरात राहील असा चार-सहा फुटांचा साधा पट्टा चांगला. बटण दाबलं की लांबच लांब सुटणारे पट्टे सोसायटीच्या आवारात वापरू नयेत. कुत्रा वळणापलीकडे गेलेला असतो आणि पलीकडून सायकलवर मूल येत असतं. लिफ्ट आली आणि आत कोणी असलं तर आधी विचारावं: "येऊ का? की पुढच्या लिफ्टने येऊ?" बहुतेक लोक या म्हणतात. विचारलं म्हणूनच म्हणतात. आत गेल्यावर कुत्रा कोपऱ्यात, आपण मध्ये. लहान मूल हात लावायला धावत आलं तर त्यालाही थांबवायचं, कारण आपला कुत्रा थकलेला किंवा दुखण्यातून उठलेला असू शकतो, आणि ते आपल्यालाच ठाऊक असतं. कुत्र्याचं अंग ताठ झालं, तोंड घट्ट मिटलं, डोळ्याचा पांढरा भाग दिसू लागला की तो सांगतोय, मला हे नको आहे. हलणारी शेपटी दरवेळी आनंदाची नसते. हे आपण शिकून घ्यायला हवं. शेजाऱ्यांना कुत्र्याची भाषा कशी कळणार?

सकाळी वेताळ टेकडीवर जाणाऱ्यांनाही हेच सांगेन. तिथे मोर आहेत, जमिनीवर घरटी करणारे पक्षी आहेत. पट्टा सोडून कुत्र्याला त्यांच्यामागे पळवायचं आणि त्याचा व्हिडिओ काढायचा, ही हौस नव्हे. ते जंगल त्यांचं घर आहे.

आणि इतकं करूनही चावलाच तर? तर सगळं बाजूला ठेवून त्या माणसाची जखम नळाच्या वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा. घड्याळ लावून पंधरा. वाटतं त्यापेक्षा हा वेळ बराच मोठा असतो. हळद, चुना, तिखट, कॉफी काहीही लावू द्यायचं नाही. त्याच दिवशी दवाखान्यात न्यायचं. लस महापालिकेच्या आणि सरकारी दवाखान्यांत मिळते. जखम खोल असेल, रक्त आलं असेल, तर लशीबरोबर जखमेत इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) ही द्यावं लागतं, हे डॉक्टरांना आठवणीने विचारा. आपल्या कुत्र्याच्या लसीकरणाची वही त्यांच्या हातात द्या, कुत्र्याला दहा दिवस नजरेखाली ठेवा आणि तो कसा आहे ते रोज आपणहून कळवा. खर्च आपला. मुलाला चावला असेल तर त्याच्या आईच्या त्या दहा रात्री कशा जातात याची कल्पना करा. रेबीजची लक्षणं एकदा सुरू झाली की माणूस जवळजवळ वाचतच नाही, हे तिलाही माहीत असतं. अशा वेळी "पण त्याने चिडवलं असेल" हे वाक्य तोंडातूनसुद्धा काढू नये.

रेबीजची लस पिल्लाला साधारण तीन महिन्यांचं झाल्यावर आणि पुढे डॉक्टर सांगतील तशी, बहुतेक दरवर्षी. महापालिकेचा श्वान परवानाही काढायचा असतो, आणि त्यासाठी लसीकरणाचा दाखला लागतोच. "परवाना कोण विचारतंय" असं मी पुष्कळदा ऐकते. कुत्रा हरवला की परवाना उपयोगी पडतो, चावला की उपयोगी पडतो, आणि किती घरांत कुत्री आहेत हे महापालिकेला कळल्याशिवाय आपल्यासाठी काही सोयी मागता येणार नाहीत.

कायद्याचं बोलायला हवं, कारण व्हॉट्सअ‍ॅपच्या गटांवर दोन्हीकडून कायदाच फेकून मारला जातो. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २०१५ साली काढलेल्या मार्गदर्शक सूचना स्पष्ट आहेत. सोसायटीला बहुमतानेही कुत्रे पाळण्यावर बंदी घालता येत नाही, लिफ्ट नाकारता येत नाही, तोंडाला जाळी बांधण्याची सक्ती करता येत नाही. त्याच सूचनांमध्ये पालकांना पट्टा लावण्याचा आणि घाण उचलण्याचा सल्ला दिलेला आहे. पहिला भाग आपण सगळ्यांना पाठवतो. दुसरा क्वचितच कोणी पाठवतं. याशिवाय आपल्या प्राण्यापासून माणसाला इजा होऊ नये म्हणून पुरेशी काळजी न घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली गुन्हा आहे. त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

पण माझा मुद्दा शिक्षेचा नाही. कुत्रा ठेवण्याच्या बाबतीत कमिटीचे हात कायद्याने बरेचसे बांधलेले आहेत. ते योग्यच आहे. नाहीतर एका भांडणात कुटुंबाला घर किंवा कुत्रा यातलं एक सोडावं लागलं असतं. मात्र याचा अर्थ असा की रोजच्या वागण्यात आपल्यावर सक्ती करणारं जवळपास कोणी नाही. इतकं संरक्षण मिळालेल्यांनी स्वतःहून जास्त वागायला नको का? शेजाऱ्यांनी अनिच्छेने सहन केलेला कुत्रा आणि सगळ्यांनी नावाने हाक मारलेला कुत्रा, यांतला दुसरा जास्त सुखात असतो. दगड पहिल्यालाच बसतात.

भुंकण्याबद्दल फार लिहीत नाही. कुत्रा भुंकणारच. पण दोघंही कामावर हिंजवडीला, आणि कुत्रा सकाळी आठपासून रात्री आठपर्यंत गॅलरीत कोंडलेला, हे भुंकणं वेगळं असतं. ते रडणं असतं. खालच्या मजल्यावर घरून काम करणारा मुलगा आणि तापाने झोपलेलं बाळ ते दिवसभर ऐकत असतात. आपल्याला ते ऐकूच येत नाही, कारण आपण घरी नसतो. दिवसातून एकदा येऊन फिरवणारं माणूस ठेवा, नाहीतर शेजारच्या निवृत्त काकांना विचारा, पुष्कळांना आवडतं. ज्यांच्याकडे फिरवायला मुलगा येतो त्यांनी त्याला कागद देऊन बजावून सांगावं की उचलल्याशिवाय वर यायचं नाही. तो चार घरची चार कुत्री एकदम नेत असेल तर त्याला ते जमणार नाही हे उघड आहे; दोन न्यायला सांगा आणि पैसे थोडे वाढवून द्या.

रस्त्यावरच्या कुत्र्यांना खाऊ घालणारे आपल्यात पुष्कळ आहेत, मीही घालते. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांत त्याची जागा कशी असावी ते सांगितलेलं आहे: मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून, जिन्यापासून आणि इमारतीच्या प्रवेशद्वारापासून दूर, आणि लहान मुलं व वृद्धांची फारशी ये-जा नसते अशा वेळी. २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयानेही ठरावीक जागीच खाऊ घालावं असं सांगितलं. गेटच्या तोंडाशी दूधभाताचे ढीग लावून निघून जाणं यात बसत नाही. उरलेलं खरकटं उचलायलाही शेवटी त्याच मावशी येतात. खाऊ घालणाऱ्यांनी नसबंदी आणि लसीकरणासाठीही धावपळ करावी. नसबंदी झाल्याची खूण म्हणून कानाला खाच असते; ती नसलेली कुत्री दिसली की महापालिकेला कळवावं.

एका गोष्टीने मात्र माझं डोकं खरोखर फिरतं. हौसेने आणलेला हस्की किंवा सेंट बर्नार्ड, पुण्याच्या एप्रिलमध्ये धापा टाकणारा, वर्ष-दीड वर्षात "झेपत नाही" म्हणून गाडीत घालून लांब कुठेतरी सोडून दिलेला. प्राण्याला असं टाकून देणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे, पण पहिल्या वेळचा दंड अजूनही दहा ते पन्नास रुपये आहे. एवढ्या दंडाने कोण थांबणार? आपणच थांबवायचं. तुमच्या ओळखीतलं कोणी कुत्रा आणायचं म्हणत असेल तर त्याला आधी महिनाभर तुमच्याबरोबर सकाळी सहाला फिरायला न्या, कागद त्याच्या हातात द्या, पावसात न्या. त्यानंतरही हवा असेल तर देशी पिल्लू सुचवा. इथल्या हवेला ते जन्मापासून सरावलेलं असतं.

कुत्री न पाळणाऱ्या शेजाऱ्यांशी आणि कमिट्यांशीही दोन शब्द बोलायचे आहेत. आवारात एखादा कोपरा वाळू टाकून द्या, तिथे कागद आणि पाण्याची सोय ठेवा, आणि नोटीस लिहिताना धमकी लिहू नका. नसबंदीच्या शिबिरासाठी गाडी येते तेव्हा गेट उघडून द्या. मुलांना शिकवा की अनोळखी कुत्र्याजवळून पळायचं नाही, उभं राहायचं. बाकीची जबाबदारी आमची आहे.

आता विनंती. तुमच्या सोसायटीची पुढची सर्वसाधारण सभा होईल तेव्हा एक ठराव मांडा, आणि तो श्वानपालकानेच मांडावा. कुत्र्याची घाण उचलणं हे सफाई कर्मचाऱ्यांच्या कामात धरलं जाणार नाही. आवारात कुठे दिसली तर वॉचमनने इंटरकॉमवरून कुत्री असलेल्या घरांना कळवावं, आणि ज्यांच्या कुत्र्याची असेल त्यांनी खाली येऊन उचलावी. कोणाची ते कळलं नाही तर आपण श्वानपालकांनी पाळीपाळीने उचलावी. हातमोजे आणि बूट मावशींना त्यांच्या बाकीच्या कामासाठी मिळायला हवेत, त्याची तरतूदही त्याच ठरावात करून घ्या. या पाळीला किती घरं नाव देतात ते बघा. आमच्याकडच्या यादीत पहिलं नाव माझं असेल.

आपली,
कोथरूडमधली एक श्वानपालक